पेटीच्या पोटातील वारा

ग्वाल्हेर म्हटले की संगीतप्रेमी गोमंतकीयाच्या डोळ्यांसमोर डोंगरावरचा किल्ला येतो, तानसेनाची समाधी येते आणि हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ यांची ख्याल गायकी आठवते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी आत्मसात करून महाराष्ट्रात आणली, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र याच शहराने हिंदुस्थानी संगीताला आणखी एक देणगी दिली आणि ती गळ्याची नव्हती, लाकूड, पितळ आणि चामडे यांची होती. जयाजीराव शिंदे आणि गायिका चंद्रभागाबाई यांचे पुत्र भैयासाहेब गणपतराव यांनी संवादिनी, म्हणजे आपली बाजाची पेटी, मैफलीत आदराच्या जागी नेऊन बसवली. लखनौच्या सादिक अली खाँ यांच्याकडून त्यांनी ठुमरी आत्मसात केली आणि ती या परदेशी वाद्यावर अशी वाजवली की मौजुद्दीन खाँ आणि गौहर जान यांच्यासारखे गायक-गायिका त्यांच्याकडे शिकायला येत. पुढे ‘मानापमान’ नाटकाला संगीत देणारे गोविंदराव टेंबे यांच्या पेटीवादनामागेही याच ग्वाल्हेरकरांची प्रेरणा होती.

राजघराण्यातील एक पुरुष ज्या वाद्यासाठी आयुष्य वेचतो, ते वाद्य मुळात काय आहे? संगीताचे सोवळे क्षणभर बाजूला ठेवले तर उत्तर साधे आहे. पेटी म्हणजे हाताने वारा दाबून भरण्याचे एक यंत्र. त्यात पंप आहे, उलट वाहू न देणाऱ्या झडपा आहेत, वारा साठवण्याची कोठी आहे, त्या कोठीतील दाब ठरावीक ठेवणारे नियंत्रक आहे आणि वारा हव्या त्या क्षणी, हव्या त्या वाटेने सोडणाऱ्या तीन-साडेतीन डझन छोट्या झडपा आहेत. दाबलेल्या हवेवर चालणारे आणि आजही मुख्यतः हातांनीच घडवले जाणारे इतके नाजूक यंत्र भारतीय घरांत दुसरे क्वचितच सापडेल. गोव्यात तर ते देवळाच्या चौकापासून घरच्या चवथीच्या आरतीपर्यंत सर्वत्र असते. पावसाळा सरता सरता कापड बाजूला करून पेटी उघडली जाते, पट्टी दाबली जाते आणि एक स्वर आपोआप वाजतच राहतो, दुसरा मुळी उमटतच नाही आणि भाता मारून मारून हात भरून येतो. मग पेटी पुन्हा कापडाखाली जाते आणि तिच्या जागी विजेवर चालणारा कीबोर्ड येतो. बहुतेक वेळा बिघाड सुरांत नसतो, झडपांत असतो. तो समजला तर वाद्य वाचू शकते.

पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ मध्ये ‘हार्मोनियम’ या नावाने या वाद्याचे पेटंट घेतले. त्या वाद्याला पायाने दाबायचे दोन भाते होते, वादक खुर्चीवर बसत असे आणि त्याचे दोन्ही हात वाजवायला मोकळे राहत. भारतीय बैठकीला ही रचना गैरसोयीची होती. कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वाद्याची उंची कमी केली, पायाचा भाता काढून पाठीमागे हाताचा भाता लावला आणि पेटी जमिनीवर आणली. एक हात भात्यात गुंतला, परंतु पाश्चात्त्य स्वरसंवादाची गरज नसलेल्या आपल्या संगीताला दुसरा हात पुरेसा होता. या बदलात एक तांत्रिक अडचण मात्र दडलेली होती. पायाचे भाते दोन असतात. एक रिकामा होत असताना दुसरा भरतो, त्यामुळे वाऱ्याचा पुरवठा जवळजवळ अखंड राहतो. हाताचा भाता एकच. तो दाबला की वारा आत जातो, उघडला की पुरवठा थांबतो. या खंडित पुरवठ्यातून अखंड स्वर काढायचा तर मधे काहीतरी हवे. ते काहीतरी म्हणजे पेटीच्या पोटातील, बाहेरून न दिसणारा दुसरा भाता.

वाऱ्याचा प्रवास बाहेरून आत असा पाहू. पाठीमागचा भाता उघडला की त्याच्या फळीतील छिद्रांतून बाहेरची हवा आत येते. या छिद्रांवर आतल्या बाजूने मऊ चामड्याची पट्टी सैलसर बसवलेली असते. हवा आत येताना पट्टी उचलली जाते. भाता दाबला की आतील दाबामुळे ती छिद्रांवर घट्ट बसते आणि आल्या वाटेने परत जायला हवेला मार्ग उरत नाही. मग हवा पुढची वाट धरते. बाहेरचा भाता आणि पोटातला भाता यांच्या दरम्यान अशीच दुसरी झडप असते. तिच्यातून हवा आतल्या भात्यात शिरते आणि बाहेरचा भाता पुन्हा उघडताना ही दुसरी झडप मिटते. सायकलच्या पंपात, विहिरीवरच्या हातपंपात, फार काय मानवी हृदयातही हीच युक्ती आहे: दोन एकदिश झडपा आणि त्यांच्यामध्ये आकार बदलणारी पोकळी.

युक्ती जुनी असली तरी ती नीट साधणे सोपे नाही, कारण पेटीतील दाब फार कमी असतो. मोटारीच्या चाकात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब असतो, म्हणजे २० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. पेटीतील दाब मोजायचा तर पाण्याचे काही सेंटिमीटर पुरतात. हिशेबासाठी तो ८ सेंटिमीटर धरू. म्हणजे चाकाच्या अडीचशेव्या भागाइतका. चाकाची झडप रबराची, कडक, स्प्रिंगने दाबलेली असली तरी चालते, कारण तिला मिटवायला दाब भरपूर असतो. पेटीतील झडपेला इतकी मदत मिळत नाही. ती स्वतःच्या हलकेपणावर उघडली पाहिजे आणि जवळजवळ नाममात्र दाबाने मिटली पाहिजे. चामडे जाड घेतले तर भाता उघडताना हाताला ओढ जाणवते. फार सैल बसवले तर ते दर वेळी ‘फट्’ असा आवाज करीत बसते, आणि शांत आलापात हा आवाज तबल्यापेक्षाही ठळक ऐकू येतो. म्हणूनच कारागीर एक मोठे भोक पाडण्याऐवजी अनेक लहान छिद्रे पाडतात. मोठ्या भोकावर मऊ चामडे दाबाने आत खेचले जाते आणि त्याला खोलगट पोच येतो. लहान छिद्रांवर ते सपाट राहते. चामड्याची मऊ, लवदार बाजू छिद्रांकडे ठेवतात, कारण लाकडातील बारीकसारीक उंचवटे ती लव सामावून घेते.

आता पोटातल्या भात्याकडे येऊ, कारण खरे नियंत्रक तोच. आतला भाता म्हणजे घडीच्या चामड्याने किंवा कापडाने जोडलेली एक हलती फळी. पोलादी तारेच्या स्प्रिंगा तिला सतत वर रेटत असतात. हवा आत आली की फळी खाली जाते आणि स्प्रिंगा दबतात. हवा सुरांकडे गेली की स्प्रिंगा फळीला वर ढकलतात आणि उरलेल्या हवेवर दाब कायम ठेवतात. वादकाचा हात भाता उघडण्यात गुंतलेला असताना स्वर वाजत राहतो तो या स्प्रिंगांमुळे.

हा दाब किती असावा हे ठरवण्यासाठी फार मोठे गणित लागत नाही. समजा, आतल्या भात्याची फळी ५० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद आहे. तिचे क्षेत्रफळ १,००० चौरस सेंटिमीटर. पाण्याच्या ८ सेंटिमीटर उंचीचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८ ग्रॅम भार. तेव्हा फळीवर एकूण ८ किलोंचा रेटा हवा. स्प्रिंगा चार असतील तर प्रत्येकीने २ किलोंचा भार उचलला पाहिजे. इथवर सारे सरळ आहे. गुंता पुढे आहे. स्प्रिंग जितकी दाबावी तितकी ती अधिक जोराने परत रेटते. म्हणजे भाता भरत जातो तसा दाब वाढत जातो आणि रिकामा होत जातो तसा उतरत जातो. नियंत्रकाकडून अपेक्षा असते ती नेमकी याच्या उलट.

दोन कारागिरांची कल्पना करू. पहिल्याने जाड तारेची, आखूड स्प्रिंग घेतली. ती दर सेंटिमीटरला अर्धा किलो रेटा देते. भाता रिकामा असताना ती ४ सेंटिमीटर दाबून बसवली की २ किलो भार मिळाला. भाता पूर्ण भरताना फळी आणखी ४ सेंटिमीटर खाली जाते, तेव्हा भार ४ किलो होतो. दाब ८ वरून थेट १६ वर गेला, दुप्पट. दुसऱ्याने बारीक तारेची, लांब पल्ल्याची स्प्रिंग घेतली. ती दर सेंटिमीटरला फक्त १२५ ग्रॅम रेटा देते. २ किलो मिळवण्यासाठी ती आधीच १६ सेंटिमीटर दाबून ठेवावी लागली. आता फळी तेच ४ सेंटिमीटर खाली गेली तरी भार अडीच किलोच झाला आणि दाब ८ वरून १० वर थांबला. पहिल्या पेटीत स्वर भात्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर फुगतो आणि ओसरतो. दुसरीत तो जवळजवळ स्थिर राहतो. दोन्ही पेट्यांचे सूर, लाकूड आणि पॉलिश अगदी सारखे असले तरी ऐकणाऱ्याला दुसरी ‘गोड’ वाटते.

इतकी लांब स्प्रिंग वितीएवढ्याही उंच नसलेल्या पेटीत मावणार कशी? म्हणून बहुतेकदा मोठ्या सेफ्टी पिनेच्या आकाराची स्प्रिंग वापरतात. टोकाशी तारेचे वेढे आणि तेथून फाकलेले दोन हात. मोकळी असताना तिचे हात दूरवर पसरलेले असतात. बसवताना ते जवळ आणून फळी आणि तळ यांच्यात अडकवले जातात. उंची कमी आणि पल्ला मोठा अशी दुहेरी सोय त्यातून होते. इंग्लंडमधील ऑर्गन बनवणाऱ्यांनी आणखी एक उपाय काढला होता. त्यांनी भात्याच्या दोन घड्यांपैकी एक आत वळणारी आणि दुसरी बाहेर वळणारी ठेवली. त्यामुळे भाता उघडताना एका घडीमुळे वाढणारा दाब दुसरीमुळे घटतो.

दाब स्थिर ठेवण्याचा इतका अट्टाहास कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. पेटीतील सूर म्हणजे पितळी पट्टीतील खाचेवर एका टोकाने बसवलेली पितळेची पातळ जीभ. दाबलेली हवा खाचेतून बाहेर पडताना जिभेला हलवते आणि स्वर निर्माण होतो. स्वराची उंची मुख्यतः जिभेच्या लांबी-जाडीवर अवलंबून असते, पण पूर्णपणे नाही. दाब वाढला की जिभेचा हेलकावा मोठा होतो, आवाज वाढतो आणि स्वर किंचित उतरतो. दाब फार कमी झाला तर जीभ हलतच नाही. खर्जाचे लांब सूर तर सुरू व्हायलाच वेळ घेतात. एकाच वेळी आधाराचा षड्ज आणि वरचा पंचम धरला असेल तर दाबाच्या चढउताराने दोन्ही सारख्या प्रमाणात हलत नाहीत आणि जाणकाराच्या कानाला काहीतरी खटकते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती तिचे स्वर ठरावीक आणि मींडेला निरुपयोगी म्हणून. ती बंदी १९७१ मध्ये काही अंशी उठली. दाबाचा प्रश्न त्या वादात फारसा आला नाही, तरी पेटीला नावे ठेवणाऱ्या कित्येकांनी चांगल्या नियंत्रकाची पेटी ऐकली होती की नाही, अशी शंका घ्यायला जागा आहे.

यात एक गमतीचा विरोधाभासही आहे. नियंत्रक जितका उत्तम, तितका स्वर सपाट. आणि सपाट स्वर ठुमरीला चालत नाही. युरोपातील वाद्यांत यासाठी ‘एक्स्प्रेशन’ नावाची खुंटी असे. ती ओढली की वारा साठवणाऱ्या कोठीची वाट बंद होई आणि पायांचा जोर थेट सुरांवर उतरे. आपल्या हातपेटीत अशी खुंटी नसते, तरीही वादक तेच साधतो. आतला भाता पूर्ण भरून ठेवला की फळी तळाशी टेकते. मग स्प्रिंगांना आणखी दबायला जागाच उरत नाही आणि यापुढे बाहेरच्या भात्यावर दिलेला प्रत्येक हलका दाब सरळ सुरांपर्यंत पोहोचतो. आघात, लहर, स्वराचा हळुवार उगम हे सारे डाव्या हाताच्या याच कामातून येते. भाता अर्धवट भरलेला ठेवला की स्वर शांत आणि समान. काठोकाठ भरला की स्वर हाताच्या हुकमतीत. बोरी गावात जन्मलेले पंडित तुळशीदास बोरकर आणि त्यांचे गुरू मधुकर पेडणेकर यांची पेटी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना पेटीही ‘बोलते’ म्हणजे काय हे सांगायला नको.

नाटकांच्या गोव्यात आणखी एका फरकाची नोंद घ्यायला हवी. संगीत रंगभूमीवर जो पायाचा ‘ऑर्गन’ गाजला, तो बहुधा अमेरिकन बनावटीचा असे आणि त्याचे तत्त्व पेटीच्या उलट होते. त्यात भाते हवा दाबत नाहीत, शोषून घेतात. बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते, झडपांच्या दिशा उलट्या बसतात आणि स्प्रिंगा भात्याला मिटवण्याऐवजी उघडतात. त्याचा स्वर पेटीपेक्षा मऊ, घुमारदार लागतो. जुना ऑर्गन दुरुस्तीला घेताना तो पेटीच समजून झडपा फिरवल्या की वाद्य मुके होते. असे मुके झालेले ऑर्गन आज अडगळीत पडलेले दिसतात.

आता पट्टीखालच्या झडपा. पट्टी मधोमध टेकलेली असते. पुढचे टोक बोटाने खाली गेले की मागचे टोक उचलले जाते आणि त्याखालचे भोक उघडते. त्या भोकातून, सुरातून होत, हवा बाहेर निसटते. भोक ४ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद धरले तर आतील दाब झडपेला ३२ ग्रॅम जोराने वर ढकलत असतो. पट्टीवरची बारीक स्प्रिंग याहून अधिक जोराने तिला खाली धरून ठेवते, नाहीतर पट्टी न दाबताच स्वर गळू लागेल. पण किती अधिक? जितके ग्रॅम वाढवावे तितका भार वादकाच्या बोटावर येतो. द्रुत तान घेताना बोटे सेकंदाला कित्येक पट्ट्या ओलांडतात. प्रत्येक पट्टी जरा जड असली तरी दहा मिनिटांत मनगट थकते. शिवाय सर्व पट्ट्यांचा भार सारखा लागतो. हे काम आजही बोटाच्या अंदाजाने, एकेक तार थोडी वाकवून केले जाते. झडपेच्या तळाला फेल्ट आणि त्यावर मऊ चामडे चिकटवतात. त्या चामड्यात धुळीचा एक कण अडकला तरी झडप पूर्ण बसत नाही आणि तो स्वर अखंड ‘सूं’ करू लागतो.

ग्वाल्हेर आणि गोवा या दोन हवामानांचा फरक येथे उघड होतो. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी असते, त्यानंतर पावसाळ्याचा दमटपणा आणि पुढे कडक थंडी. कोरड्या दिवसांत लाकूड आडवे आकसते, फळ्यांचे सांधे उघडतात, चामडे ताठर होते. तेथील पेटी ‘गळते’. गोव्यात उलट. सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात लाकूड फुगते, पट्ट्या एकमेकींना घासतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने पोलादी स्प्रिंगा गंजतात, पितळी सुरांवर हिरवट कळंक चढतो आणि घडीच्या कापडाला बुरशी लागते. आपली पेटी ‘अडकते’. त्यामुळे उत्तरेत बनलेली पेटी गोव्यात आणली की पहिल्याच पावसाळ्यात तिच्या पट्ट्या थोड्या तासाव्या लागतात. त्यात कारागिराची फसवणूक नसते. लाकूड नव्या हवेशी जुळवून घेत असते. पेटी उन्हात ठेवणे हा मात्र चुकीचा उपाय आहे, कारण एकदम सुकलेली फळी वाकते आणि वाकलेल्या फळीवर कोणतीही झडप बसत नाही. पेटी रोज थोडी वाजवणे, बंद करताना खोक्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे आणि त्या पुड्या वेळोवेळी बदलणे, एवढ्याने बरेच साधते. झडपेच्या चामड्याला तेल लावण्याचा मोह टाळावा. तेलावर धूळ बसते आणि चामडे जड होते.

बिघाड नेमका कोणत्या झडपेत आहे हे घरच्या घरी, पेटी न उघडता शोधता येते. समोरच्या सर्व खुंट्या आत ढकलाव्यात, एकही पट्टी दाबू नये आणि भाता मारून पेटी भरावी. मग हात काढून घ्यावा. बाहेरचा भाता आपोआप उघडू लागला तर आतला वारा उलटा परततो आहे. म्हणजे दोन भात्यांमधली झडप बसत नाही. बाहेरचा भाता जागच्या जागी आहे, पण पुन्हा मारल्यावर पेटी बराच वारा घेते, असे झाले तर आतल्या भात्याची घडी किंवा सांधा गळतो आहे. भाता मारतानाच हाताला काही अडथळा जाणवत नाही आणि पाठीमागून फुस्स आवाज येतो, तर दोष बाहेरच्या फळीवरच्या झडपेचा. या तिन्ही कसोट्या पार पडल्या आणि खुंट्या ओढल्यावरच वारा जाऊ लागला, तर पट्ट्यांखालच्या झडपा पाहाव्यात. दुरुस्तीच्या दुकानात ही माहिती घेऊन गेलेल्या माणसाला ‘सगळा भाता बदलावा लागेल’ असे सहसा सांगितले जात नाही.

दाब मोजायचा असेल तर एक मीटर पारदर्शक नळी पुरते. ती इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी फळीवर बसवून तिच्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरतात, एक टोक रबरी बुचातून एका पट्टीच्या भोकावर घट्ट धरतात आणि ती पट्टी उघडी ठेवून पेटी भरतात. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरक म्हणजे दाब. आतला भाता भरलेला असताना आणि रिकामा होत आला असताना असे दोनदा मोजले की स्प्रिंगांची परीक्षा होते. दोन आकड्यांत फार अंतर दिसले तर स्प्रिंगा चुकीच्या आहेत किंवा एखादी निसटली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत हे मुलांना दाखवण्यासारखे आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील नळी आणि देवळातील पेटी एकाच फळीवर येतात.

हेच तत्त्व स्वयंपाकघरातही रोज काम करते. गॅसच्या सिलिंडरमधील दाब पेटीच्या कित्येक पट मोठा असतो. त्यावरचा रेग्युलेटर तो सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत खाली आणतो. त्याच्या पोटात रबराचा एक पातळ पडदा आणि त्यावर स्प्रिंग असते. शेगडी गॅस ओढते तेव्हा पडद्याखालचा दाब घटतो, स्प्रिंग पडदा खाली ढकलते आणि छोटी झडप उघडते. दाब पुरेसा झाला की पडदा वर जातो आणि झडप मिटते. पेटीतील फळी आणि हा पडदा सख्खी भावंडे आहेत. फरक आहे तो अपयशाच्या किमतीत. पेटीची झडप निकामी झाली तर भजन बेसूर होते. हौसेने पीव्हीसीच्या नळीत किंवा जुन्या डब्यात पंपाने हवा भरून खेळ करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दाबलेली हवा ऊर्जा साठवून ठेवते आणि फुटलेल्या भांड्यातून ती क्षणात सुटते. प्लॅस्टिकच्या नळीच्या ठिकऱ्या उडतात. कारखान्यात बनलेल्या टाकीची कसोटीसुद्धा प्रथम पाणी भरून घेतात, कारण पाणी जवळजवळ दबत नाही आणि भांडे फुटलेच तर फक्त ओले होते. घरी वारा हाताळण्याची हौस असेल तर तिची मर्यादा भात्याइतक्या दाबापर्यंतच असलेली बरी.

पेटीतील सूर बनवणाऱ्यांसाठी गुजरातमधील पालिताणा प्रसिद्ध आहे आणि नवे सूर मागवणे अवघड नाही. अवघड आहे तो त्यांना वारा पुरवणाऱ्या भात्याची दुरुस्ती करणारा हात मिळणे. जुने कारागीर चामडे सरसाने चिकटवीत; सरस गरम केला की सुटतो आणि पुढच्या दुरुस्तीला फळी जशीच्या तशी मिळते. दमट हवेत तो मऊ पडतो म्हणून आता पांढरा कृत्रिम गोंद वापरतात. तो अधिक काळ टिकतो, पण पुढच्या वेळी चामडे काढताना लाकडाचे टवके निघतात. गोव्यातील पावसाळा पाहता दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. घडी रोज हलते, तिला चिवट गोंद हवा. झडपेचे चामडे काही वर्षांनी बदलावेच लागते, तेथे सरसच योग्य.

ग्वाल्हेरच्या सरोद घरात जुनी वाद्ये काचेमागे जपून ठेवलेली आहेत आणि ती पाहायला लोक दुरून येतात. काचेमागची सरोद निदान दिसायला पूर्ण असते. पेटीचे तसे नसते. तिचा वारा गेला की उरते ते नक्षी केलेले खोके. गावोगावच्या भजनी मंडळांकडे, देवळांच्या कोठारांत आणि घरांच्या माळ्यांवर अशी खोकी पडून आहेत. त्यांतल्या किती पेट्यांना फक्त चामड्याची एक पट्टी हवी आहे, हे खुंट्या बंद करून भाता मारल्याशिवाय कळणार नाही.